युनिटी डाउ: आधी सरकारवर केस, मग हायकोर्टाच्या जज, मग त्याच सरकारात मंत्री. यात विसंगती आहे का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशाच्या युनिटी डाउ हा विषय घेतलाय आणि त्यावरून घरात वाद झालाय. तुमचं म्हणणं, जिने सरकारला कोर्टात खेचलं तीच बाई पुढे त्याच सरकारात मंत्री झाली, मग तत्त्व कुठे गेलं. मुलगी म्हणते बाबा तुम्हाला यातलं कळत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की असं करिअर ठरवून करता येतं का, कारण पोरीच्या डोक्यात तसंच काहीतरी घोळतंय.

मी गेली २४ वर्षं जिल्हा कोर्टात आणि खंडपीठात प्रॅक्टिस करतेय, जास्त काम वाटणीचे दावे, वारस, पोटगी, मुलांचा ताबा यांचंच. डाउ यांच्या केसचा निकाल माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला मी वाचायला लावते, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न मंत्रिपदाचा नाहीये. माणूस एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेला की आधीचं काम खोटं ठरतं का, हा आहे. त्याचं उत्तर द्यायला आधी ती केस काय होती ते नीट बघावं लागेल, कारण "सरकारवर केस केली" एवढ्या तीन शब्दांत ती बसत नाही.

युनिटी डाउ १९५९ साली मोचुडी नावाच्या गावात जन्मल्या. राजधानी गॅबरोनीच्या उत्तरेला हे गाव आहे. तेव्हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि नाव होतं बेचुआनालँड, बोट्सवाना म्हणून स्वतंत्र झाला १९६६ मध्ये. कायद्याचं पूर्ण शिक्षण देशात मिळायची सोयच नव्हती, म्हणून त्यांच्या पिढीच्या मुलामुलींना मधली दोन वर्षं स्कॉटलंडला एडिंबरात काढावी लागायची, त्यांनीही काढली. १९८३ ला पदवी, मग सरकारी वकिली, मग स्वतःची प्रॅक्टिस. १९८४ मध्ये त्यांनी एका अमेरिकन माणसाशी लग्न केलं. आणि त्याच वर्षी देशात नवा नागरिकत्व कायदा आला.

त्या कायद्यात असं होतं की बोट्सवानात जन्मलेल्या मुलाचा बाप नागरिक असेल तर मूल नागरिक. आई नागरिक असून चालायचं कधी, तर मूल लग्नाबाहेर जन्मलं असेल तेव्हाच. आता त्यांच्या घरात याचा परिणाम बघा. १९७९ मध्ये लग्नाआधी झालेलं मूल बोट्सवानाचं नागरिक, आणि १९८५ नि १९८७ ला लग्नानंतर झालेली दोन मुलं, त्याच आईची, त्याच देशात जन्मलेली, ती परदेशी. त्यांचं राहणं बापाच्या रेसिडन्स परमिटवर. परमिट रिन्यू झालं नाही तर बाप जाणार आणि त्याच्यासोबत मुलं. म्हणजे लग्न केलं हीच त्या बाईची चूक ठरली.

यात आणखी एक गोष्ट आहे, मुलीने प्रोजेक्टमध्ये जरूर घालावी. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी १९४८ मध्ये रुथ विल्यम्स या इंग्लिश मुलीशी लग्न केलं होतं, त्यापायी ब्रिटिशांनी त्यांना कित्येक वर्षं मायदेशी येऊ दिलं नव्हतं. त्यांचा मुलगा इयान १९५३ ला इंग्लंडमध्ये जन्मला आणि २००८ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. परदेशी बायको केलेल्या पुरुषाच्या पोराला देशाच्या सर्वोच्च पदापर्यंत वाट मोकळी, आणि परदेशी नवरा केलेल्या बाईची मुलं तिथेच जन्मून परकी. हा फरक मांडायला वेगळं भाषण करायची गरजच नाही.

आता वकिलीचा भाग. इथे मी जरा रेंगाळणार, कारण खरं शिकण्यासारखं इथेच आहे.

बोट्सवानाच्या घटनेत कलम ३ म्हणतं की मूलभूत हक्क सगळ्यांना आहेत, वंश, मूळ ठिकाण, राजकीय मतं, रंग, पंथ किंवा लिंग काहीही असो. पुढे कलम १५ मध्ये भेदभाव कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे आणि त्या यादीत वंश आहे, जमात आहे, रंग आहे, पंथ आहे, पण लिंग हा शब्द नाही. सरकारी बाजूने सांगितलं की तो शब्द चुकून राहिलेला नाही, मुद्दाम गाळलाय, आमचा समाज बापाच्या वंशावर चालतो, रूढी कायदा सगळा त्यावर उभा आहे, ते हलवलं तर सगळंच कोसळेल. दुसरा मुद्दा असा की मुळात बाईंचं नुकसान काय झालंय, हक्क गेला असेल तर मुलांचा गेलाय, मग ह्या कोर्टात कशा काय आल्या.

हा दुसरा मुद्दा दिसायला तांत्रिक वाटतो पण अशा केसेस बहुतेक वेळा तिथेच मरतात. त्याला उत्तर कसं दिलं बघा. त्यांनी अफिडेव्हिटवर सांगितलं की माझ्या मुलांना उद्या देश सोडावा लागला तर मी काय करणार, त्यांच्यामागे जाणार का इथे राहून त्यांना सोडणार? म्हणजे माझ्याच देशात राहायचं, यायचं-जायचं स्वातंत्र्य, जे कलम १४ ने मला दिलंय, ते कापलं जातंय. आईचं नुकसान मुलांच्या नुकसानातून वेगळं काढून दाखवलं. केवढं साधं आणि केवढं अचूक. पिटिशनमध्ये जगभरच्या बायकांचं दुःख भरलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि पिटिशन फेटाळलं गेलं असतं.

जून १९९१ मध्ये हायकोर्टात जस्टिस हॉर्विट्झ यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. पाच न्यायाधीशांचं अपील कोर्ट, तेव्हा तिथले बरेच न्यायाधीश बाहेरच्या देशांतले असायचे. अध्यक्ष होते घानाचे ऑस्टिन अमिसा, सोबत नायजेरियाचे अगुडा आणि जॉर्ज बिझोस, हे तेच बिझोस ज्यांनी दक्षिण आफ्रिकेत मंडेलांचा बचाव केला होता. ३ जुलै १९९२ ला ३ विरुद्ध २ असा निकाल लागला. बहुमताने सांगितलं की कलम ३ ने दिलेला हक्क कलम १५ मधल्या एका गाळलेल्या शब्दाने काढून घेता येत नाही, ती यादी उदाहरणादाखल आहे, आणि रूढी आणि घटना यांच्यात भांडण असेल तर रूढीने मागे सरायचं. बायकांवरचा भेदभाव मोडण्याचे आंतरराष्ट्रीय करार आणि आफ्रिकेची मानवी हक्क सनद हेही अर्थ लावताना विचारात घेतलं, जरी ते देशाच्या कायद्यात उतरवलेले नव्हते.

आपल्याकडच्या वकिलाला हे वाचताना घरच्यासारखं वाटतं. करार देशी कायद्यात नसला तरी अर्थ लावायला वापरायचा, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९७ च्या विशाखा निकालात, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या केसमध्ये केलं. १९९९ च्या गीता हरिहरन निकालात, मुलाचा नैसर्गिक पालक कोण तर "वडील आणि त्यांच्यानंतर आई" यातला "नंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, बापाच्या गैरहजेरीतही असा अर्थ लावला, कारण दुसरा अर्थ घटनेत बसतच नव्हता. आणि नागरिकत्वाचंच म्हणाल तर परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व मिळायचं ते बापाच्या नात्याने, आईच्या नाही. तेही बदललं १० डिसेंबर १९९२ पासून. बोट्सवानाच्या निकालानंतर पाच महिन्यांनी. म्हणून तिथलं वाचून आपण फार नाक मुरडू नये.

माझ्या प्रॅक्टिसमधलं एक सांगते. पासपोर्टसाठी आई-बापापैकी एकाचंच नाव चालेल हा नियम २०१६ च्या डिसेंबरात आला, त्याच्या आधीची गोष्ट. नवऱ्याने टाकलेली एक नर्स, मुलगी बारावीला, बापाचा पत्ता नाही, आणि एका कार्यालयात तिला सांगितलं की बापाची सही आणा. ती माझ्याकडे आली तेव्हा माझा पहिला ड्राफ्ट होता स्त्री-पुरुष समानतेवर नऊ पानांचा. सिनियरांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, या बाईचं उद्या सकाळी नेमकं काय अडणार आहे ते कुठे लिहिलंय? मग आम्ही परत लिहिलं, अमुक तारखेला मुलीची मुलाखत आहे, पासपोर्ट नसेल तर सीट जाते, आई एकटी सांभाळते त्याचे कागद हे. काम झालं. डाउ यांचा निकाल वाचताना मला दरवेळी ती पानं आठवतात.

जिंकल्यावर काय झालं हे पण महत्त्वाचं. सरकारने लगेच कायदा बदलला नाही, सार्वमत घेऊन घटनाच बदलता येईल का याचाही विचार झाला. शेवटी संसदेने दुरुस्ती केली ती १९९५ मध्ये, म्हणजे अंतिम निकालानंतर तीन वर्षांनी. त्या काळात नुसती वकिली पुरली नसती. १९८६ पासून तिथे एमांग बसाडी नावाची संघटना काम करत होती, त्सवाना भाषेत अर्थ होतो "बायांनो, उभ्या राहा", डाउ त्याच्या सुरुवातीच्या लोकांपैकी. गावात मोचुडीला त्यांनी बायकांसाठी कायद्याचं सल्ला केंद्रही उभं केलं. कोर्टात मिळालेला कागद रस्त्यावर अंमलात आणायला माणसं लागतात. आपल्याकडे पोटगीची ऑर्डर हातात घेऊन वर्षानुवर्षं वसुलीसाठी फिरणाऱ्या बाया मी रोज बघते त्यामुळे हे मला वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

१९९८ मध्ये त्या बोट्सवानाच्या हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. आता तुमच्या प्रश्नाच्या जवळ येतोय. ज्या सरकारला हरवलं त्याच राज्यव्यवस्थेत त्या जज झाल्या, तेव्हा कोणी विसंगती म्हणत नाही, मंत्री झाल्यावर म्हणतात. पण जज म्हणून त्यांनी काय केलं ते बघूया.

सगळ्यात गाजलेली केस म्हणजे सेसाना. मध्य कलहारीच्या अभयारण्यात पिढ्यान्पिढ्या राहणारे सान लोक, ज्यांना बाहेरचे बुशमन म्हणतात, त्यांना २००२ मध्ये सरकारने पाणी वगैरे सोयी बंद करून बाहेर वसाहतीत हलवलं. सरकारचं म्हणणं, लोक स्वखुशीने गेले, भरपाई घेतली, सह्या केल्या. तीन न्यायाधीशांपुढे खटला दोन वर्षांहून जास्त चालला, १३ डिसेंबर २००६ ला निकाल, तिघांनी आपापला वेगळा निकाल लिहिला. लोकांचा त्या जमिनीवरचा ताबा कायदेशीर होता यावर तिघांचं एकमत. तो त्यांच्या संमतीविना काढून घेतला यावर दोघं विरुद्ध एक, डाउ बहुमतात. पण सोयी बंद करणंच बेकायदा होतं असं म्हणणाऱ्या त्या एकट्या, तिथे त्या अल्पमतात राहिल्या.

मला त्या निकालातला संमतीचा भाग कायम पुरून उरलाय. त्यांनी विचारलं की ज्याला लिहितावाचता येत नाही, ज्याचं पाणी तुमच्या हातात आहे, ज्याचे शेजारी आधीच ट्रकमध्ये चढलेत, त्याने होकार दिला तर तो होकार किती खरा मानायचा. आता आपल्या रजिस्ट्रार ऑफिसात जा. बहिणी हक्कसोड पत्रावर सह्या करताना दिसतील. भावाने गाडी करून आणलेलं असतं, संध्याकाळी परत त्याच घरी जेवायचं असतं, माहेर तुटू नये एवढीच इच्छा, आणि कागदावर लिहिलेलं असतं राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय. माझ्या एका अशिलाने असंच पत्र रद्द करायला आठ वर्षांनी दावा लावला होता, मी संमतीवरच युक्तिवाद केला आणि हरले, कारण मुदतही गेली होती आणि दबावाचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता. कोर्ट तेव्हा चुकलं असं मी म्हणणार नाही, पुरावा नव्हताच. पण संमतीच्या आजूबाजूची परिस्थिती हासुद्धा पुरावा म्हणून रेकॉर्डवर आणावा लागतो, कोण सोबत होतं, वाचून कोणी दाखवलं, मोबदला काय, हे मी त्यानंतर शिकले आणि आता पहिल्या दिवशीच विचारते.

२००९ ला त्यांनी हायकोर्ट सोडलं. केनियात नव्या घटनेच्या वेळी जे खास वाद-निवारण कोर्ट नेमलं होतं त्यावर काम केलं, परत वकिली केली. कादंबऱ्या त्याआधी, जज असतानाच लिहिल्या होत्या. २०१४ मध्ये संसदेत आल्या, त्या मतदारसंघातून निवडून नाही, तिथे राष्ट्राध्यक्षांच्या नामांकनावर संसद काही मोजके सदस्य निवडते त्या जागेवर. नाव सुचवणारे राष्ट्राध्यक्ष कोण, तर तेच इयान खामा. मग शिक्षण खातं, पुढे पायाभूत सुविधा आणि घरबांधणी, २०१८ पासून २०२० पर्यंत परराष्ट्र खातं.

आता माझं मत. "त्याच सरकारात" हे तुमचे शब्द अर्धे बरोबर आहेत. बोट्सवानात १९६६ पासून २०२४ पर्यंत एकाच पक्षाची सत्ता होती. त्या ५८ वर्षांत ज्या कोणाला मंत्रालयात बसून काही करायचं होतं त्याला दार एकच होतं. आपल्याकडे जसं हे नाही तर ते सरकार असं असतं तसं तिथे नव्हतं. आणि केस सरकारवर असली तरी भांडण कायद्याच्या दोन कलमांशी होतं, माणसांशी किंवा पक्षाशी नाही. कायदा १९९५ ला बदलला, तिथे ते भांडण संपलं. वीस वर्षांनी त्या राज्याचं काम करणं यात मला तरी विश्वासघात दिसत नाही.

पण मुलीलाही सांगा की बाबांच्या शंकेत दम आहे. २०१९ च्या जूनमध्ये हायकोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, सरकारने त्यावर अपील केलं, आणि तेव्हा डाउ मंत्रिमंडळात होत्या. अपील २०२१ मध्ये फेटाळलं गेलं. मंत्रिमंडळात सामूहिक जबाबदारी असते, आत काय बोललात ते आत राहतं आणि बाहेर जो निर्णय येतो तो तुमचाही असतो. ज्या बाईने यादीत नसलेल्या शब्दावर घटनेचा हक्क जिंकला तिचंच सरकार हक्क देणाऱ्या निकालाविरुद्ध अपिलात, हा ताण खराच आहे आणि प्रोजेक्टमधून तो गाळू नये. वकील असताना तुम्ही एका माणसासाठी पूर्ण ताकदीने बोलता. जज असताना समोर आलं तेवढ्यावरच बोलता, पण जे बोलता ते स्वतःचं असतं, एकटं पडलात तरी. मंत्री असताना हातात बजेट, शाळा, माणसं येतात आणि एकट्याचा आवाज जातो. तिन्हीची किंमत वेगळी. कुठली परवडते हे माणसागणिक आणि देशागणिक बदलतं, मी स्वतः जज व्हायच्या परीक्षेचा फॉर्म दोनदा भरून ठेवला आणि दिला नाही, कारण मला माणसाच्या बाजूने उभं राहून बोलायला आवडतं. दुसरी कोणी वेगळं ठरवेल आणि तेही बरोबर असेल.

जज निवृत्त होऊन राजकारणात जावेत का यावर आपल्याकडेही वाद चालूच असतो. मी एवढंच बघते की मधे किती वर्षं गेली आणि शेवटच्या काळात त्या सरकारच्या बाजूचे-विरुद्धचे निकाल कसे होते. डाउ यांच्या बाबतीत पाच वर्षं गेली आणि सगळ्यात मोठा निकाल सरकारविरुद्ध.

राहिला तिसरा प्रश्न, हे ठरवून करता येतं का. नाही. १९८४ ला लग्न करताना त्यांनी काही घटनात्मक खटला आखला नव्हता. पण तो कायदा लागू झाला तेव्हा तो वाचता येणारी, त्यातली फट दिसणारी आणि अफिडेव्हिटवर स्वतःचं घर उघडं करायची तयारी असणारी बाई तिथे होती. लहान देशात स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा घालून, लोक काय म्हणतील ते ऐकत केस चालवणं काय असतं याचा अंदाज आपल्या तालुक्याच्या ठिकाणी पोटगीचा अर्ज टाकणाऱ्या बाईला बरोबर येईल. आणि वाटही सरळ नव्हती, तो निकाल पुढे दुसऱ्यांच्या कामी आला, २०१३ मध्ये एडिथ मुसी आणि त्यांच्या बहिणींना बापाचं घर मिळालं, सगळ्या वयस्कर बाया, रूढीप्रमाणे घर पुरुष वारसाला जायचं. कलम १५ मध्ये लिंग हा शब्द शेवटी २००५ ला घातला गेला.

तर मुलीला माझ्यातर्फे एवढं सांगा. प्रोजेक्टसाठी डाउ यांच्या मुलाखती नंतर बघ, आधी १९९२ चा अपिलाचा निकाल अख्खा वाच, आणि वाचताना श्रायनर आणि पक्रिन या दोन न्यायाधीशांचा विरोधी निकाल सोडू नकोस. त्यांचं म्हणणं होतं की यादी म्हणजे यादी, त्यात शब्द घालायचं काम संसदेचं आहे, कोर्टाचं नाही. मूर्ख माणसांचं म्हणणं नाहीये ते. त्याला तिच्या शब्दांत उत्तर लिहून तुम्हाला वाचून दाखवायला सांगा, आणि तुम्ही विरुद्ध बाजूचे वकील व्हा, घरातला वाद तसाच चालू ठेवा. सुट्टीत ती इकडे कोर्टात बसायला आली तर बुधवारी या, त्या दिवशी माझ्या बोर्डावर एक हक्कसोड पत्राची केस आहे आणि बहिणीची उलटतपासणी व्हायचीय.